पाण्याला खाते नसते

सप्टेंबर १९०८ च्या अखेरीस मुसी नदीने हैदराबाद शहरात शिरून जो प्रलय मांडला, त्यात सुमारे पंधरा हजार माणसे प्राणास मुकली. पूल वाहून गेले, अफझलगंजचे रुग्णालय कोसळले, हजारो घरांची माती झाली. रुग्णालयाच्या आवारातील एका चिंचेच्या झाडाचा आधार घेऊन दीडशेच्या आसपास लोक वाचले. ते झाड आजच्या उस्मानिया रुग्णालयाच्या परिसरात अजून दाखवले जाते. शहर चिखलातून वर काढण्याचे काम सुरू असतानाच निजाम सरकारने एका अभियंत्याला तारेने बोलावणे धाडले. मुंबई सरकारच्या सेवेतून मोकळे होऊन तो त्या वेळी युरोपच्या प्रवासात होता. त्याचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

१९०९ साली ते हैदराबादेस आले तेव्हा पाणी पुन्हा शहरात शिरू नये, अशी दरबाराची अपेक्षा होती. विश्वेश्वरय्यांनी मात्र भिंतींकडे वळण्याआधी नदीचे वरचे अंग तपासले. मुसीच्या पाणलोटात लहानमोठे ७८८ तलाव होते. त्या अतिवृष्टीत त्यांपैकी २२१ तलाव फुटले होते. वरच्या तलावाचे पाणी खालच्या तलावावर, त्याचे त्याखालच्यावर, अशी ती साखळी तुटत आली आणि अखेरचा घाव राजधानीवर बसला. शहराच्या नाशाचे कारण शहराच्या हद्दीबाहेर, अनेक कोस दूर, गावोगावच्या दुर्लक्षित बांधांत होते. नगरपालिकेने कितीही उंच भिंत बांधली असती तरी तिचा उपयोग मर्यादितच ठरला असता.

त्यांनी सुचवलेला उपाय म्हणूनच एका खात्याचा नव्हता. शहराच्या वर मुसी आणि इसी या दोन नद्यांवर दोन मोठे जलाशय बांधावेत, त्यांत पुराचे पाणी अडवून सावकाश सोडावे, तेच पाणी पिण्यासाठी शहराला द्यावे, नदीकाठ उंच करून तेथे रस्ते व बागा कराव्यात आणि शहराच्या सांडपाण्याची स्वतंत्र व्यवस्था करावी. पूरनियंत्रण, पाणीपुरवठा, आरोग्य आणि नगररचना ही चार कामे त्यांनी एकाच आराखड्यात गुंफली. मुसीवरील उस्मानसागर १९२० मध्ये आणि इसीवरील हिमायतसागर १९२७ मध्ये पूर्ण झाला. पुढे कित्येक पिढ्या हैदराबादकर याच दोन तलावांचे पाणी प्याले.

एवढी दृष्टी या माणसाला एका दिवसात आलेली नव्हती. तिचे मूळ महाराष्ट्रात आहे.

बंगळूरजवळच्या मुद्देनहळ्ळी या खेड्यात विश्वेश्वरय्यांचा जन्म झाला. वडील संस्कृतचे जाणकार होते, परंतु मुलगा लहान असतानाच ते वारले आणि घर उघड्यावर आले. बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात शिकताना शिकवण्या करून त्यांनी दिवस काढले. म्हैसूर संस्थानाची शिष्यवृत्ती मिळाल्यावर ते पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकण्यास आले आणि १८८३ मध्ये परीक्षेत पहिले आले. त्या यशाने त्यांना मुंबई इलाख्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात थेट सहायक अभियंत्याची जागा मिळाली. १८८४ मध्ये नाशिक येथे ते रुजू झाले.

नाशिक, धुळे, पुणे, मध्ये सिंधमधील सक्कर, पुन्हा पुणे असा पंचवीस वर्षांच्या आसपासचा हा सेवाकाळ. धुळे भागात पांझरा नदीच्या पात्राखालून नळ घालून पाणी पलीकडे नेण्याचे काम त्यांच्या वाट्याला अगदी आरंभी आले आणि नदीच्या पुराने त्यांची चांगली परीक्षा पाहिली. पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि गोपाळ कृष्ण गोखले यांच्या वर्तुळात त्यांची ऊठबस झाली. सरकारी नोकरीत असूनही देशाच्या दारिद्र्याचा विचार आकड्यांच्या आधारे करण्याची सवय त्यांना याच सहवासात लागली असावी, असे मानण्यास जागा आहे. रानड्यांचे अर्थकारण आणि विश्वेश्वरय्यांचे कालवे यांचा धागा एकच आहे.

पुण्याला पाणी पुरवणाऱ्या खडकवासला धरणाच्या सांडव्यावर १९०३ मध्ये त्यांनी बसवलेले स्वयंचलित दरवाजे त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेले. धरणाची भिंत न वाढवता साठ्याची पातळी सुमारे आठ फुटांनी वाढली. पाणी ठरावीक उंचीवर आले की दरवाजे आपोआप उघडत आणि पूर ओसरला की आपोआप मिटत. या रचनेचे स्वामित्व त्यांनी नोंदवले, मात्र सरकारकडून मोबदला घेण्याचे नाकारले. पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिघ्रा धरणावरही याच धर्तीचे दरवाजे बसले.

दरवाज्यांची कीर्ती मोठी झाली, पण या आयुष्याची किल्ली पाहायची तर ती नीरा कालव्यावर पाहावी लागते. दख्खनच्या पठारावर इंग्रजांनी कालवे काढले ते प्रामुख्याने दुष्काळनिवारणासाठी. प्रत्यक्षात काय होई? चांगल्या पावसाच्या वर्षी शेतकरी पाणी घेत नसत, कारण पाणीपट्टी भरावी लागे. अवर्षणात सगळेच धाव घेत आणि पाणी पुरत नसे. जे नियमित घेत ते उसासाठी घेत. ऊस कालव्याच्या तोंडाशी असलेल्या गावांत एकवटे. तेथील जमिनी पाणथळ आणि चोपण होत, डास वाढत, हिवताप पसरे आणि कालव्याच्या शेवटची गावे कोरडी राहत. पाटबंधारे खात्याला पाणी विकल्याचे समाधान, महसूल खात्याला पट्टीची चिंता, आरोग्याकडे पाहणारा तिसराच आणि पिकाचा विचार करणारा कोणीच नाही. प्रत्येक कचेरी आपापले काम नेटाने करीत होती आणि एकंदर परिणाम मात्र नुकसानीचा होता.

१८९९ च्या सुमारास विश्वेश्वरय्यांनी यावर गटपद्धती पुढे आणली. कालव्याच्या संपूर्ण लांबीवर, प्रत्येक गावातील योग्य जमीन निवडून तिचे गट पाडायचे. गटातील साधारण एक तृतीयांश भागातच ऊस घ्यायचा, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके घ्यायची आणि दर वर्षी त्यांची फेरपालट करायची. पाण्याची हमी काही वर्षांसाठी एकदम द्यायची. यामुळे जमिनीला विश्रांती मिळे, रोगराई आटोक्यात राही, पाणी अधिक गावांना पोचे आणि सरकारला उत्पन्नाचा भरवसा राही. पाण्याच्या एका वाटपात शेती, आरोग्य, महसूल आणि न्याय यांचा मेळ घालण्याचा हा प्रयत्न आज ज्याला शाश्वत विकासाचे धोरण म्हणतात त्याचा अस्सल नमुना होता, जरी हे शब्द तेव्हा कोणाच्या कानावर पडलेले नव्हते.

शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला, हेही नोंदवले पाहिजे. आपल्या जमिनीत कोणते पीक किती घ्यावे हे सरकारी अंमलदाराने ठरवावे, हे त्यांना रुचले नाही, आणि त्यात अस्वाभाविक काही नव्हते. विश्वेश्वरय्या गावोगाव फिरले, बैठका घेतल्या, शंका ऐकल्या. पद्धत रुजली, परंतु तिच्या मागची शिस्त पुढच्या काळात टिकली नाही. नीरेच्या खोऱ्यातून आज प्रवास करणाऱ्याला मैलोगणती उसाचे मळे दिसतात आणि त्याच तालुक्यांच्या दुसऱ्या टोकाला उन्हाळ्यात टँकर दिसतात. एक तृतीयांशाची ती मर्यादा कोणी आणि कधी पुसली, याचा शोध साखरेच्या राजकारणात घ्यावा लागेल.

मुंबई इलाख्यात मुख्य अभियंत्याच्या खुर्चीपर्यंत देशी माणसाला पोचू दिले जात नव्हते. हे ओळखून त्यांनी मुदतीआधीच सेवा सोडली. हैदराबादचे काम चालू असतानाच म्हैसूरचे निमंत्रण आले आणि नोव्हेंबर १९०९ मध्ये ते आपल्या जन्मभूमीचे मुख्य अभियंता झाले.

म्हैसूरला त्यांच्यापुढे कावेरी होती. या नदीवरील शिवनसमुद्रच्या धबधब्यापासून १९०२ पासून वीज निघत होती आणि ती कोलारच्या सोन्याच्या खाणींना जात होती. उन्हाळ्यात प्रवाह आटला की विजेचा तुटवडा पडे. दुसरीकडे मंड्याचा प्रदेश कोरडा होता. वर एक मोठे धरण बांधले तर विजेला बारमाही पाणी मिळेल आणि शेतीला कालवा मिळेल. विजेच्या उत्पन्नातून धरणाचा खर्च बऱ्याच अंशी निघेल, ही त्यांची मांडणी होती. दरबारातील अर्थखात्याला इतका खर्च पेलवेल असे वाटत नव्हते. प्रकरण अडले तेव्हा विश्वेश्वरय्या पद सोडण्याच्या बेतात होते. अखेर महाराज कृष्णराज वडियार चौथे यांनी मंजुरी दिली आणि १९११ च्या अखेरीस कन्नंबाडी गावाजवळ काम सुरू झाले. हेच पुढचे कृष्णराजसागर.

पण कावेरी म्हैसूरच्या मालकीची नव्हती. खाली मद्रास इलाखा होता आणि तंजावरच्या त्रिभुज प्रदेशातील लक्षावधी एकर भातशेती त्याच पाण्यावर शेकडो वर्षे उभी होती. १८९२ च्या करारानुसार म्हैसूरला नवे पाटबंधारे बांधण्यासाठी मद्रासची संमती घ्यावी लागे. मद्रासने ती दिली नाही, कारण त्यांना स्वतःला मेट्टूर येथे धरण बांधायचे होते. हिंदुस्थान सरकारने मधला मार्ग काढून म्हैसूरला सुमारे ८० फूट उंचीपर्यंत, ११ अब्ज घनफूट साठ्यापुरती परवानगी दिली. विश्वेश्वरय्यांनी ती मान्य केली आणि पाया मात्र १२४ फुटांच्या भिंतीला पेलेल इतका रुंद घातला.

ही गोष्ट त्यांच्या चरित्रांत दूरदृष्टीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. तंजावरच्या शेतकऱ्याच्या जागी उभे राहून पाहिले तर तिला दुसरेही नाव देता येईल. वाटाघाट चालू असताना जमिनीवर वस्तुस्थिती निर्माण करून ठेवण्याची ही रीत वरच्या राज्यांनी पुढे वारंवार वापरली. म्हादईच्या पाण्यासाठी गेली अनेक वर्षे झगडणाऱ्या गोमंतकीयांना आणि त्याच नदीच्या उगमाकडे पाहणाऱ्या बेळगावकरांना तिचा वेगळा परिचय करून देण्याचे कारण नाही.

वाद लवादाकडे गेला. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायाधीश ग्रिफिन यांनी, पाटबंधाऱ्यांचे महानिरीक्षक नेदरसोल यांच्या तांत्रिक साहाय्याने, १९१४ मध्ये म्हैसूरला बव्हंशी अनुकूल असा निवाडा दिला. हिंदुस्थान सरकारने तो मान्य केला, मद्रासने थेट लंडनच्या भारतमंत्र्यांकडे दाद मागितली आणि तेथे तो अडला. पुन्हा आकडेमोड, पुन्हा बैठका. खालच्या बंधाऱ्यावर किती प्रवाह असला म्हणजे वर किती पाणी अडवता येईल, याचे नियम दोन्ही बाजूंच्या अभियंत्यांनी महिनावार बसवले. १८ फेब्रुवारी १९२४ रोजी करार झाला. म्हैसूरला पूर्ण उंचीचे धरण मिळाले आणि मद्रासला मेट्टूर. करारातील काही बाबींचा पन्नास वर्षांनी फेरविचार करावा असे ठरले. ती मुदत १९७४ मध्ये संपली आणि त्यापुढचा कावेरीचा इतिहास वर्तमानपत्रांच्या वाचकांना ठाऊकच आहे.

हे सगळे चालू असताना बांधकाम थांबले नव्हते. सिमेंट महाग आणि परदेशी, म्हणून चुना आणि विटांची भुकटी यांचा सुरखी नावाचा लेप वापरून भिंत चढली. हजारो मजूर त्यावर राबत होते आणि छावणीत हिवतापाने थैमान घातले होते. खाणींना जादा वीज देण्याच्या वायद्याप्रमाणे १९१५ पर्यंत पहिला टप्पा उभा राहिला. जलाशयाखाली गेलेल्या गावांत कन्नंबाडी हे गावही होते. धरणाला राजाचे नाव मिळाले. गावाचे नाव लोकांच्या तोंडी राहिले, कारण आसपासची माणसे त्या धरणाला आजही कन्नंबाडीच म्हणतात.

१९१२ मध्ये महाराजांनी विश्वेश्वरय्यांना दिवाण केले. अभियंता राज्यकर्ता झाला, आणि नीरा कालव्यावर जे त्यांनी एका कालव्यापुरते केले होते ते संपूर्ण संस्थानासाठी करून पाहण्याची संधी आली. त्याचे साधन आधीच तयार होते. त्यांच्याच आग्रहावरून १९११ मध्ये म्हैसूर आर्थिक परिषद स्थापन झाली होती. शेती, उद्योग व व्यापार आणि शिक्षण या विषयांच्या समित्या, त्यांखाली जिल्ह्याच्या समित्या, त्यांखाली तालुक्याच्या. अधिकारी, व्यापारी, जमीनदार आणि शिकलेली माणसे एका टेबलाभोवती बसत, पाहणी करीत, आकडे गोळा करीत आणि सरकारला काम सुचवीत. एका खात्याने केलेल्या कामाचा दुसऱ्या खात्याला पत्ता असावा, ही साधी अपेक्षा त्या काळच्या कारभारात नवी होती. ती आजही पुरती जुनी झालेली नाही.

या परिषदेच्या विचारांतून सहा वर्षांत जे उभे राहिले त्याची नुसती नावे घेतली तरी थकायला होते. १९१३ मध्ये बँक ऑफ म्हैसूर, त्याच साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा आणि हेब्बाळ येथे शेतकी शाळा, १९१६ मध्ये म्हैसूर विद्यापीठ आणि चंदनतेलाचा कारखाना, पाठोपाठ सरकारी साबण कारखाना. चंदनाची गोष्ट विशेष सांगण्यासारखी आहे. म्हैसूरचे चंदनाचे लाकूड परदेशी जाई आणि तेल तिकडे निघे. पहिल्या महायुद्धाने ती बाजारपेठ बंद पडली तेव्हा लाकूड पडून राहिले. तेल येथेच काढायचे ठरले आणि त्या तेलापासून साबण. जंगल, उद्योग, शिक्षण आणि व्यापार या चार खात्यांच्या कागदांनी एकाच टेबलावर यावे लागते, तेव्हाच अशी वडी तयार होते.

इतके सगळे जुळवणाऱ्या या माणसाला एक हिशेब मात्र जुळवता आला नाही. म्हैसूरच्या नोकऱ्यांत ब्राह्मणांचे प्रमाण त्यांच्या संख्येच्या मानाने फार मोठे होते. ब्राह्मणेतर समाजांनी आपला वाटा मागितला. महाराजांना ती मागणी न्याय्य वाटली आणि १९१८ मध्ये सर लेस्ली मिलर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. विश्वेश्वरय्यांची निष्ठा गुणवत्तेच्या स्पर्धेवर होती. राखीव जागांनी कारभाराचा दर्जा खालावेल असे त्यांचे मत होते. शिक्षणाचा प्रसार झाला की विषमता आपोआप मिटेल, असा त्यांचा भरवसा होता. महाराजांचा कल दुसरीकडे आहे हे दिसताच त्यांनी भांडण न करता १९१८ च्या अखेरीस दिवाणपद सोडले.

त्यांच्या भक्तांनी यात तत्त्वनिष्ठा पाहिली, टीकाकारांनी जातीचा अंधपणा. नीरेवर ज्याने कालव्याच्या शेवटच्या गावाला पाणी मिळावे म्हणून वरच्या गावाच्या उसावर मर्यादा घातली, त्यालाच शाळा आणि कचेऱ्यांच्या कालव्यावर तो नियम लागू करावासा वाटला नाही, ही या चरित्रातील खरी उणीव आहे. वाट पाहून पाणी टोकापर्यंत पोचत नाही, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नव्हते. मिलर समितीने मागासलेल्या समाजांसाठी केलेल्या शिफारशी संस्थानाने स्वीकारल्या आणि देशातील राखीव जागांच्या इतिहासात त्यांना मानाचे स्थान आहे.

दिवाणपद गेले तरी काम सुटले नाही. भद्रावतीचा लोखंडाचा कारखाना १९२३ मध्ये सुरू झाला आणि तोट्यात रुतला. मलनाडच्या जंगलातील लाकडाच्या कोळशावर तो चालायचा होता, आणि युद्धानंतर लोखंडाचे भाव कोसळले होते. कारखान्याची सूत्रे हाती घेऊन विश्वेश्वरय्यांनी तो मार्गावर आणला. या कामाचे साचलेले मानधन त्यांनी स्वतः न घेता बंगळूरमध्ये धंदेशिक्षणाची संस्था उभारण्यासाठी दिले आणि संस्थेला स्वतःचे नाव देऊ दिले नाही. मंड्याच्या कालव्यावर त्यांच्या गटपद्धतीचाच अवलंब झाला.

१९३४ मध्ये त्यांनी भारतासाठी नियोजित अर्थव्यवस्थेचे पुस्तक लिहिले. देशभरातील उत्पादनाचे लक्ष्य, त्यासाठी लागणारे भांडवल, शिक्षण, आकडेवारी आणि मध्यवर्ती यंत्रणा यांचा दहा वर्षांचा आराखडा त्यात होता. स्वतंत्र भारताचा नियोजन आयोग १९५० मध्ये आला. १९५५ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले. त्याआधी, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, गंगेवरील पुलाची जागा ठरवण्याचे काम सरकारने त्यांच्याकडे सोपवले होते आणि मोकामाची जागा त्यातूनच निश्चित झाली.

त्यांच्या हैदराबादच्या तलावांचे पुढे काय झाले, तेही याच चरित्राचा भाग आहे. शहर वाढत पाणलोटात घुसू लागले तेव्हा आंध्र सरकारने १९९६ मध्ये दोन्ही जलाशयांभोवती दहा किलोमीटरच्या परिसरातील ८४ गावांत बांधकामांवर कडक निर्बंध घातले. २०२२ मध्ये तेलंगण सरकारने तो आदेश मागे घेण्याचा निर्णय केला. जलाशय आता शहराच्या पिण्याच्या पाण्याचा मुख्य आधार नाहीत, हे कारण त्यासाठी पुढे आले. १९०९ च्या अहवालात त्या तलावांचे पहिले काम पूर अडवणे हे होते.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याची भिंतही टिकली नाही. अर्धे पुणे पाण्याखाली गेले. सांडव्यावरचे ते स्वयंचलित दरवाजे अर्धशतकाहून अधिक काळ उघडमीट करून थांबले. ज्याने ते बसवले तो माणूस शंभरीच्या घरात, बंगळूरला हयात होता. नऊ महिन्यांनी, १४ एप्रिल १९६२ रोजी विश्वेश्वरय्यांचे निधन झाले. त्यांचे स्मारक मुद्देनहळ्ळीला, जन्मगावीच आहे.